काळ्या पानाची पारख

भाटघरच्या धरणाचं काम जोरात होतं, त्या वर्षांत सावळा ढेबे आपल्या चार म्हशी घेऊन डोंगरावरून खाली उतरला. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पदरात त्याची वाडी. पाच घरं, पाचही धनगरांची. तिथं दुधाला गिऱ्हाईक कुठलं? लोणी कढवून तूप करायचं आणि बाजाराच्या दिवशी नसरापूरला न्यायचं, एवढाच काय तो धंदा. धरणावर मात्र हजारो माणसं होती. पाथरवट, चुना मळणारे, गाडीवान, मुकादम, कारकून, आणि टेकाडावरच्या बंगल्यांतून राहणारे गोरे साहेब. तेव्हा सावळ्यानं आणि त्याच्या बायकोनं, पारूबाईनं, कॅम्पाच्या कडेला कुडाचं खोपट घातलं आणि रतीब धरला.

सावळ्याचं नाक वाडीत प्रसिद्ध होतं. शेळीच्या तोंडाचा वास घेऊन ती उद्या खाणं सोडणार हे तो आज सांगायचा. कुणाची म्हैस कुठल्या रानात चरून आली, हे दुधाच्या चरवीवर वाकून ओळखायचा. पारूबाई बायकांत बसली की म्हणायची, "आमच्या ह्यांच्यापासनं काय लपत न्हाई बाई. मी शेजारच्या घरी च्या पिऊन आले तरी दारातच कळतंय त्येंला."

टेकाडावरच्या शेवटच्या बंगल्यात मर्टनसाहेब राहायचा. इंजिनेर माणूस, पन्नाशीचा, उंच आणि हाडकुळा. पुण्याच्या एका पंतोजीकडून तो मराठी शिकला होता. पंतोजींनी त्याला सांगून ठेवलं होतं, की अडचण पडली तर सरसकट 'तुम्ही' म्हणावं, म्हणजे कुणी रागवत नाही. त्यामुळं साहेब मुकादमाला तुम्ही म्हणायचा आणि दारातल्या कुत्र्यालाही तुम्हीच म्हणायचा. बूट घातलेल्या माणसानं आपल्याला तुम्ही म्हटलेलं सावळ्यानं जन्मात पहिल्यांदा तिथंच ऐकलं. पुढं म्हातारपणी ही गोष्ट सांगताना तो इथं हटकून थांबायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा.

साहेबाला एकच षोक. चिरूट. साधा बाजारातला नव्हे. देवदारी खोक्यातून येणारा, अंगठ्याएवढा जाड, वरून काळ्याभोर पानात गुंडाळलेला. त्याची त्याला अशी काही पारख होती, की मुंबईची एक पेढी दर दोन महिन्यांनी त्याच्याकडं नमुने पाठवायची आणि तो पत्रानं अभिप्राय कळवायचा. पुण्याचे दोस्त खास त्यासाठी मोटार करून यायचे. धरण बांधायला दुसरा कुणी मिळेल, पण चिरूट कळणारा मर्टन एकच, असं ते म्हणायचे. हे सगळं सावळ्याला सांगितलं ते गेनूनं. गेनू शिवऱ्याचा, साहेबाचा खानसामा.

एका पावसाळ्यात साहेबाला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस तो अंथरुणाला होता. उठला तेव्हा कोट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. सावळा संध्याकाळचं दूध घेऊन गेला, तेव्हा साहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून चिरूट ओढत होता. सावळा पायरीवरच थबकला. बोलावं की न बोलावं, असं त्याला झालं. मग चरवी खाली ठेवून म्हणाला,

"सायब, राग मानू नगा. पर तुमच्या त्या इडीला बुरशी लागलीया."

साहेबानं चिरूट तोंडातून काढला. "कोण सांगितलं?"

"सांगतंय कोन? वास येतोय की. वल्ल्या भाताच्या कणगीवानी."

साहेब उठला. आतून खोकं आणून त्यानं सावळ्यापुढं उघडलं. वरचा थर दिसायला चांगला होता. सावळ्यानं दोन चिरूट उचलून बाजूला केले. खालच्या थरावर पांढरी लव धरली होती.

"मी तीन दिवस हीच पीत आहे," साहेब म्हणाला आणि खुर्चीत बसला. बराच वेळ तो धरणाच्या भिंतीकडं बघत राहिला. सावळा दूध ओतून निघाला, तसं त्यानं हाक मारली. "सावळा. तुम्ही कोणाला बोलू नका. माझी नाक मेली आहे."

तापानं त्याचा वास गेला होता. जिभेला गोड, कडू, तुरट कळायचं. त्यापलीकडं काही नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल किंवा येणारही नाही. एका डोळ्यानं गेलेला बैल सावळ्यानं पाहिला होता. त्या आंधळ्या बाजूनं माणूस जवळ आला की तो बैल जसा उगीच मान हलवायचा, तसा साहेब त्याला त्या क्षणी दिसला.

"न्हाई बोलत," सावळा म्हणाला.

दुसऱ्या दिवशीपासून संध्याकाळचं दूध घालून सावळा अर्धा-पाऊण तास मागं राहू लागला. साहेबानं त्याचा महिना बांधून दिला. काम एकच, चिरूट ओढायचा आणि काय कळलं ते सांगायचं.

पहिला झुरका त्यानं चिलमीसारखा छातीत ओढला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि स्वयंपाकघरात गेनू हसून हसून बेजार. साहेब मात्र हसला नाही. "छातीत नको," तो म्हणाला. "तोंडात ठेवा. गूळ ठेवता, तसा. मग सोडून द्या."

मग त्यानं एकेक गोष्ट शिकवली. चिरूट आधी दोन बोटांत हलकेच दाबायचा. कुठं पोकळ लागला तर भरणी वाईट. कानाशी नेऊन फिरवायचा. कुरकुरला तर पान वाळलं. न पेटवता वास घ्यायचा, टोक कापून कोरडाच ओढून बघायचा. काडीची ज्योत चिरुटाला चिकटवायची नाही, खालून नुसती धग द्यायची. पहिला झुरका वाऱ्याला सोडायचा. आणि घाई करायची नाही. चिरुटाचे भाग तीन, सुरुवात, पोट आणि शेवट. तिन्हीची चव निराळी. राख कशी धरते तेही बघायचं. चांगली राख दोन बोटं लांब होते आणि तरी पडत नाही.

सावळा मन लावून शिकला. गुरांत वाढलेल्या माणसाला निरखून बघायचं शिकवावं लागत नाही. फक्त काळ्या पानाची त्याला भीती वाटायची. म्हणाला, "सायब, ह्ये लई कडक आसंल. रंगच बघा की."

"नाही," साहेब म्हणाला. "सगळे हीच चूक करतात. पान झाडावर जास्त दिवस राहते. जास्त ऊन खाते. मग ढिगात घालून पिकवतात. काळी होते, पण कडक नाही. गोड होते."

सावळ्यानं क्षणभर विचार केला. "मंजी करवंदावानी. लाल हाय तवर दात आंबत्यात. काळं झाल्याबिगर गोड व्हतंय का?"

साहेबानं खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं. 'करवंद' हा शब्द त्यानं दोनदा विचारला.

तिथून पुढं त्या व्हरांड्यात एक वेगळीच भाषा सुरू झाली. सावळा डोळे मिटून धूर तोंडात घोळवायचा आणि त्याला ठाऊक असलेल्या जगातून एकेक वस्तू काढून सांगायचा. "आदी काकवीचा वास येतोय. गुऱ्हाळात शेवटाला कढईच्या कडंला लागती ती काकवी. मागनं हिरडा, तुरट. आता पोटात आल्यावर नाचणीची भाकर तव्यावर जराशी जास्त ऱ्हायली तसं." साहेबाला काकवी ठाऊक नव्हती, हिरडाही नव्हता. मग सावळा दुसऱ्या दिवशी पानाच्या द्रोणात काकवी घेऊन यायचा, कनवटीला हिरडा लावून आणायचा. साहेब हिरडा चावायचा, त्याचं तोंड वाकडं व्हायचं आणि तो मान डोलवायचा. तुरट त्याला कळत होतं ना. मग त्या सगळ्याचं इंग्रजी करून तो पेढीला पत्र लिहायचा. पेढीला ती पत्रं पहिल्यापेक्षा जास्त आवडू लागली, असं गेनू सांगायचा.

खोपटावर मात्र पारूबाई कुरकुरायची. "घोंगडीला वास, पटक्याला वास. म्हस बी जवळ येऊ दीना तुमास्नी. धूर खायाचं बी पैकं मिळत्यात, ह्ये न्हवतं कुठं ऐकलं."

"धुराचं न्हाईत," सावळा म्हणायचा. "बोलायचं मिळत्यात."

"मग घरी का वं तोंड शिवून बसता?"

दुसऱ्या वर्षी चैत्रात, एका रविवारी दुपारी पुण्याहून एक कर्नल जेवायला आला. लालबुंद, बोलका माणूस. जेवण झाल्यावर त्यानं तीन काळे चिरूट टेबलावर मांडले. त्यांची नाव छापलेली कागदी कडी त्यानं आधीच काढून टाकली होती. तिन्हींतला अस्सल कुठला ते मर्टननं सांगावं, अशी त्याची पैज. साहेबानं नेहमीच्या आवाजात हाक मारली, "सावळा, टोकं कापून आणा." पण ताटली हातात देताना त्यानं ती क्षणभर सोडलीच नाही, हे फक्त सावळ्याला कळलं.

सावळा ताटली घेऊन मागच्या खोलीत गेला. पहिला चिरूट दाबला, हुंगला. बरा होता, पण कोरडा. बाहेरच्या पानाचा आणि आतल्या भरणीचा मेळ नव्हता. दुसऱ्याचा वास घेतला आणि त्याला मिटल्या डोळ्यांपुढं उन्हातलं माळरान दिसलं. तिसरा सगळ्यांत काळा, सगळ्यांत तुकतुकीत. तो नाकाशी नेताच सावळ्याला बाजारातली घोंगडी आठवली. काळ्या मेंढीच्या लोकरीची अस्सल घोंगडी एक, आणि पांढरी लोकर रंगात बुडवून काळी केलेली दुसरी. कुठलाही धनगर ती अंधारात ओळखतो. त्यानं बोट ओलं करून पानावर घासलं. बोट काळं झालं.

त्यानं तिन्हींची टोकं कापली, ताटली पुसली आणि तिन्ही नीट मांडले. दुसरा, अस्सल, साहेबाच्या उजव्या हाताशी, कोरडा समोर, रंगवलेला डावीकडं, जरा आडवा. असं काही त्यांचं आधी ठरलेलं नव्हतं. पण ताटली खाली ठेवताना सावळ्यानं आपलं काळं झालेलं बोट ताटलीच्या डाव्या काठावर क्षणभर टेकवून ठेवलं.

साहेबानं बोटाकडं पाहिलं. मग उजवा चिरूट उचलून सावकाश पेटवला, दोन झुरके घेतले, समोरचा नुसता हुंगला, आणि डावीकडच्यावरून ओला अंगठा फिरवून तो कर्नलपुढं धरला. अंगठा काळा होता. कर्नल टेबल बडवून हसला. अख्ख्या पुण्यात असं नाक नाही, असं तो मोटारीत बसेपर्यंत म्हणत होता.

मोटार टेकाड उतरून गेली. साहेब व्हरांड्यात उभाच राहिला. सावळा कपबशा गोळा करत होता.

"सावळा," साहेब म्हणाला, "आज मी तुमचा नाक चोरला."

"आसं का म्हनता? दूध मी आणतो, पिता तुमी. त्येला काय चोरी म्हणत्यात व्हय?"

साहेब मान हलवून आत गेला. पण त्या दिवसापासून सावळ्यासाठी व्हरांड्यात एक स्टूल आलं. आधी तो पायरीवर बसायचा.

त्याच वर्षी दिवाळी होऊन गेली, आणि एके दिवशी उन्हं कलताना सावळा त्या स्टुलावर नवा नमुना ओढत बसला होता. चिरूट निम्म्यावर आला होता. वारा नदीकडून, म्हणजे बंगल्याच्या पुढून मागं वाहत होता, आणि सावळ्याच्या तोंडापुढं धुराचा पडदा. साहेब दारापाशी, आतल्या बाजूला नकाशा पसरून बसला होता. त्यानं एकदम मान वर केली.

"गेनू! दूध करपते आहे!"

आत भांडं आदळल्याचा आवाज आला. सावळ्याच्या नाकात तो वास त्यानंतर आला, करपलेल्या सायीचा, ओळखीचा. तो साहेबाकडं बघायला वळला. साहेबही त्याच्याचकडं बघत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

सावळ्यानं नजर खाली केली आणि चिरुटाची राख बघू लागला. राख चांगली दोन बोटं लांब झाली होती.

"दुसरा भाग कशी आहे?" साहेबानं हळूच विचारलं.

"बरा हाय, सायब," सावळा म्हणाला. "बदाम भाजल्यावानी. आता सांगतो."

आणि त्यानं सगळं सांगितलं, रोजच्यासारखं, सावकाश. साहेबानं वहीत लिहून घेतलं.

खोपटावर आल्यावर त्याला जेवण गोड लागेना. पारूबाईनं विचारलं तेव्हा त्यानं नाक गेल्यापासूनचं सगळं सांगून टाकलं. साहेबाचं नाक परत आलं होतं, कधी आलं देव जाणे, आणि तरी तो रोज आपल्याला स्टुलावर बसवत होता.

"मग बोलून दाखवा की," पारूबाई म्हणाली.

"कशापायी? त्यो काय फसवीत न्हाई आपल्याला. एकलं मानूस हाय. त्येला बोलाया कुनी पायजे आसंल."

"आन् तुमास्नी?"

सावळ्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि नुसताच हातात धरून बसला. वाडीवर त्याचं नाक म्हणजे करमणुकीची गोष्ट होती. हुंगून सांग रं सावळ्या, असं म्हणायचे आणि हसायचे. त्याला वासात दिसायचं ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस एकच भेटलं होतं, आणि त्याला मराठी धड येत नव्हतं.

असं आणखी सव्वा वर्ष चाललं. दोघंही काही बोलले नाहीत. धरणाची भिंत पुरी होत आली. पाथरवट गेले, चुन्याच्या घाण्या थंडावल्या, कॅम्पातल्या चाळी एकेक करून रिकाम्या झाल्या. सावळ्यानं दोन म्हशी वाडीवर परत पाठवल्या. मग साहेबाला सिंध प्रांतात दुसऱ्या धरणावर जायचा हुकूम आला.

जायच्या आदल्या संध्याकाळी व्हरांड्यात सामान बांधून ठेवलं होतं. वेताच्या खुर्च्याही निघून गेल्या होत्या. साहेब एका पेटीवर बसला आणि दुसरी त्यानं सावळ्याकडं सरकवली. खिशातून दोन चिरूट काढले, आजवर आलेल्या सगळ्या नमुन्यांतले उत्तम, हे सावळ्यानं न पेटवताच ओळखलं. एक त्याला दिला, एक स्वतः घेतला. आजवर दोघांनी एका वेळी कधी ओढला नव्हता.

खालच्या अंगाला वेळवंडी नदीचं पाणी तुंबत चाललं होतं. पाण्यातून एका जुन्या रस्त्याच्या कडेची झाडं अजून शेंड्यांनी दिसत होती. दोघं ओढत बसले. पहिला भाग संपला तसं साहेबानं सवयीनं विचारलं, "सांगा, सावळा."

सावळ्यानं धूर सोडला. "आज तुमी सांगा, सायब."

साहेबाचा हात वाटेतच थांबला.

"कधीपासून माहीत आहे?"

"दूध करपलं तवापासनं."

"तुम्ही बोलला नाही."

"तुमी तरी कुठं बोललात?"

साहेब हसला, पण आवाज न करता. मग त्यानं डोळे मिटले, धूर तोंडात धरला, गुळासारखा, आणि सोडून दिला.

"पहिली घोंगडी," तो म्हणाला. "काळा मेंढीचा. उन्हात टाकलेला. मग काकवी, ती कढईच्या कडेची." तो शब्द शोधत थांबला. "मग करवंद. मग आता... तुरट..."

"हिरडा."

"हिरडा. आणि मागे ते भाकर. सावळा, मी वीस वर्षे सिगार पितो आहे. हे सगळे त्यात होते, मला माहीत नव्हते. नाक परत आली तेव्हा पहिल्या दिवशीच सगळे ओळखीचे झाले होते. मला वाटले, हे तुम्हाला सांगितले तर तुम्ही उद्या येणार नाही."

"दूध घालाया आलोच आसतो की," सावळा म्हणाला. आणि मग, जरा वेळानं, "बसलो बी आसतो."

शेवटचा भाग दोघांनी बोटांना धग लागेपर्यंत ओढला.

सकाळी मोटार आली. साहेबानं एक भरलेलं देवदारी खोकं सावळ्याच्या हातात दिलं आणि त्याच्याशी हात मिळवला. सावळ्याला ती रीत ठाऊक नव्हती. त्यानं तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला. गेनू पुढं बसला होता. तो पुण्यापर्यंत पोचवून परत शिवऱ्याला आला. साहेबाचं पुढं काय झालं ते त्यालाही कधी कळलं नाही.

खोकं सावळ्यानं वाडीवर नेलं आणि चुलीच्या वर, माळ्यावर ठेवलं, म्हणजे ओल लागणार नाही. वर्षाला दोन-तीन, असे तो ते पुरवून ओढायचा. एकदा तो रानात गेला असताना पारूबाईनं त्यातला एक कुस्करून तव्यावर भाजला आणि त्याची मिसरी केली. तो परतल्यावर दात घासता घासता ती म्हणाली, "चांगली हाय वं. गोड लागती." सावळा रागवायला गेला आणि ते त्याला जमलंच नाही. त्यानं तिला समोर बसवलं आणि विचारलं, गोड म्हणजे कशावानी? तिनं विचार करून सांगितलं, उंबराच्या पिकल्या फळावानी. उंबर त्याला कधी सुचलं नव्हतं. त्यानं खोक्यातला आणखी एक काढून पेटवला आणि बघितलं, तर खरंच तिच्या म्हणण्यात तथ्य होतं.

पुढं दुसरी लढाई सुरू झाली तेव्हा सावळा साठीला आला होता. नसरापूरच्या बाजारात तो तूप घेऊन यायचा, तेव्हा तंबाखूचा व्यापारी चिमाजी त्याला गादीवर बसवून घ्यायचा आणि नवा माल त्याच्यापुढं टाकायचा. सावळा पान बोटांत चुरगळून सांगायचा, ह्ये भिजलंय, ह्ये कच्चं काढलंय, ह्ये ठेवा. गिऱ्हाइकं भोवती उभी राहून ऐकायची. कुणी विचारलंच, धनगराला ही विद्या कुठली, तर तो धरणावरची गोष्ट सांगायला बसायचा आणि तूप तसंच उन्हात वितळत राहायचं.

एकदा पाहुण्यांकडं जाताना तो पारूबाईला घेऊन भाटघरवरून गेला. टेकाडावर बंगल्याचं नुसतं जोतं उरलं होतं, त्यावर घाणेरी माजली होती. खाली पाणीच पाणी. ज्या रस्त्यावरून तो चरवी घेऊन यायचा, तो कधीच बुडाला होता. त्यानं पारूबाईला सांगितलं, हितं व्हरांडा व्हता, हितं माझं स्टूल. ती जोत्यावर टेकली आणि पदरानं घाम पुसून म्हणाली, "हवा बरी हाय हितं. घटकाभर बसू या." मग दोघं उन्हं उतरेपर्यंत तिथंच बसून राहिली.